विचारलं तेवढंच

रविवारी दुपारी आमच्या करी रोडच्या चाळीत दारादारातून मासे तळल्याचा वास यायचा आणि आमच्या घरी वरणभात असायचा. याला कारण पप्पांनी लावलेला बायबलातल्या चौथ्या आज्ञेचा अर्थ. विसाव्याच्या दिवशी आपण विसावा घ्यायचा आणि दुसऱ्यालाही घेऊ द्यायचा. कोळणीकडून मासे घेतले तर आपण तिला कामाला लावलं, असं त्यांचं गणित. आम्ही मासे घेतले नाहीत म्हणून कोळीण त्या दिवशी काही विसावा घेत नसे, ती शेजारच्या दारात बसून पापलेटं विकत असे, पण तो तिचा आणि देवाचा प्रश्न होता. शनिवारी आणून ठेवावेत तर आमच्याकडे फ्रीज नव्हता. मग भिंतीपलीकडची परबकाकू ताटलीत तळलेले बांगडे घालून दारात उभी राहायची आणि मला म्हणायची, "मास्तरांका इचार गो, फुकट दिलेला चलता काय?" पप्पा चष्मा काढून विचार करायचे. दर रविवारी नव्याने करायचे. मग म्हणायचे, "भेटीला आज्ञेची हरकत नाही," आणि पहिला तुकडा त्यांचाच असायचा.

पप्पा पालिकेच्या शाळेत शिकवायचे, म्हणून अख्खी चाळ त्यांना मास्तर म्हणायची. मजल्यावर ख्रिस्ती घर आमचं एकटंच. नाताळात आई करंज्या-चकल्यांची ताटं घरोघर पाठवायची तेव्हा बायका म्हणायच्या, "मास्तरांची दिवाळी यंदाही उशिरा आली." यात कुठे टोचणं नव्हतं. गणपतीत आम्ही आरतीला उभं राहत नसू, पण मोदक आमच्या घरी सर्वांत आधी यायचे. पप्पांचा मान होता चाळीत. नळावर भांडण झालं की कोणाची पाळी आधी होती हे त्यांना विचारायचे, कारण मास्तर खोटं बोलत नाहीत हे सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं.

रविवारी संध्याकाळी प्रार्थना झाली की आमची तिघांची बैठक बसायची. दर आठवड्याला एक आज्ञा. पप्पांचा प्रश्न ठरलेला: "या आठवड्यात ही आज्ञा तुला कुठे भेटली?" डोंगरावर दगडी पाट्यांवर मिळालेल्या आज्ञा रेशनच्या रांगेत कशा पाळायच्या, हा त्यांचा खरा छंद होता. चोरी करू नको म्हणजे शाळेतल्या खडूचा तुकडा घरी आणून लंगडीचे चौकोन आखू नको. नळावर दुसऱ्याच्या पाळीत आपली कळशी घुसवली तर तीही चोरीच. खून म्हणजे जिभेने केलेलासुद्धा. लोभ म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांच्या रंगीत टीव्हीसमोर दारात ताटकळणं. देवाचं नाव व्यर्थ घ्यायचं नाही म्हणून शाळेत सगळ्या मुली दर दोन वाक्यांनी 'आईशप्पथ' म्हणत असताना मी फक्त 'खरंच' म्हणायचे आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. मी रोज काहीबाही शोधून ठेवायचे. आईला मात्र आज्ञा क्वचितच भेटायची. "पाप करायला वेळ कुठे होता मला," ती कणीक मळता मळता म्हणायची, आणि पप्पा हसायचे. ते हसायचे हेही सांगायला हवं. पुढचं वाचून ते कोणाला करडे वाटतील. तसे ते नव्हते.

परबकाकू खाणावळवाली. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंगती उठायच्या. गिरण्या बंद झाल्यावर परबकाका गावी मालवणकडे गेला आणि काकूने मागे राहून ऑफिसातल्या पोरांचे डबे सुरू केले. तिच्या आणि आमच्या खोलीत फक्त लाकडी पार्टिशन. पहाटे तिचा पाटा सुरू झाला की आमच्या फळीवरची भांडी किणकिणायची. पलीकडे कोण काय बोलतं ते अलीकडे ऐकू यायचं, पण ते आपल्याला ऐकू आलं नाही असं धरून चालायचं, ही चाळीची रीत. मला टायफॉइड झाला तेव्हा पेज तिची. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला मी तिच्याकडे बसायचे, कारण तिच्याकडे कोणी आज्ञा विचारत नसे.

त्या दिवाळीत परबकाकाच्या अंगावरून वारं गेलं. तार आली तशी काकू निघाली. जायच्या आधी आमच्या उंबऱ्यात बसून तिने आईला सगळं सांगितलं. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गावात डॉक्टर नाही. जरा बसता आला की त्यांका हयच घेऊन येतंय, म्हणाली, परळचा मोठा दवाखाना चालत जाण्यासारखा. खोली आहे म्हणून निभावेल. मग किल्ली आईच्या हातात दिली. "दार उघडून झाडू मार. आणि तिनसांजेक माझ्या देवाकडे दिवो लाव गो." पप्पा तेव्हा घरी नव्हते. संध्याकाळी आईने त्यांना यातला शब्द अन् शब्द सांगितला, मी समोर बसून शेंगा सोलत होते.

दिव्याने आमच्या घरात मोठा पेच टाकला. दुसऱ्या कुठल्या देवापुढे वाकायचं नाही ही तर पहिलीच आज्ञा. पप्पा म्हणाले, झाडू मारा, खिडकी उघडा, उंदीर लागणार नाहीत ते बघा, दिवा मात्र नाही. आई म्हणाली, "दिवा मी परबीणबाईंसाठी लावीन, देव आपला मध्ये येतो." पप्पांना हे पटलं नाही. शेवटी समोरच्या लाडवहिनी येऊन दिवा लावून जाऊ लागल्या. त्यांना ते बरंच वाटलं, शिवाय आमच्यावर एक पॉइंट चढला.

चाळीला दिव्याची काळजी वेगळ्या कारणासाठी होती. खोली सलग सहा महिने बंद राहिली की मालक ती परत मागायला मोकळा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सबळ कारण असलं तर कोर्ट ऐकून घेतं, हे फार थोड्यांना. म्हणून कोणी गावी अडकलं की शेजारी त्याची खोली 'जागती' ठेवायचे: संध्याकाळी दिवा, मधूनच रेडिओ, दोरीवर धुणं. काकूला जाऊन चार महिने झाले तेव्हा बायकांनी तिच्या ट्रंकेतल्या दोन साड्या काढून आठवड्यातून एकदा पाण्यातून पिळून गॅलरीत टाकायला सुरुवात केली. हे काम मला फार आवडायचं. तिच्या साडीला कांदा-खोबऱ्याचा वास होता, तो धुतल्यावरही जात नव्हता. पप्पांनी एकदा शाळेतून येताना ते पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाले, "बाळा, त्या ओल्या साड्या खोटं बोलताहेत. यात आपल्या घराचा हात नको." मी हात काढून घेतला. साड्या वाळत राहिल्या, मी नसतानाही.

मालकाचा मेहता भाडं घ्यायला यायचा. सभ्य माणूस, नेहमी पांढरे कपडे, कोणाच्या घरी पाणीसुद्धा न पिणारा. काकूला जाऊन सहा महिने उलटले तेव्हा एकदा तो तिच्या दारात थांबला आणि विचारू लागला. लाडवहिनी म्हणाल्या, इथंच असते, आत्ता बाहेर गेली. आणखी कोणी म्हणालं, काल रात्री तर भेटली. आमच्या आईनेही मान न उचलता सांगितलं, "बाजारात गेलीय." मेहता हसला आणि पप्पांकडे वळला. "मास्तर, तुम्ही सांगा." गॅलरीतल्या सगळ्यांच्या माना पप्पांकडे वळल्या. पप्पा म्हणाले, "दिवाळीपासून खोली बंद आहे." मेहताने मान डोलावली, बाकीच्यांकडे एकदा बघून घेतलं आणि गेला. त्या एका बघण्यात सगळी चाळ खोटी ठरली, आमच्या आईसकट. पुढे दावा उभा राहिला तेव्हा या मजल्यावर ज्याच्या शब्दाला किंमत आहे असा एकच माणूस उरला होता, आणि त्याला मालकाच्या वकिलाने साक्षीला बोलावलं.

पप्पा मला कोर्टात घेऊन गेले. शाळा बुडवून. 'आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही नववी आज्ञा प्रत्यक्षात कशी दिसते ते मुलीने बघावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि मी इस्त्रीचा फ्रॉक घालून मोठ्या अभिमानाने गेले. काकू रात्रभर एसटीने येऊन थेट तिथे आली होती. वाळली होती, कोपरापर्यंत उन्हाने रापलेली. मला बघून तिने पिशवीतून कागदात बांधलेला खाजा काढला आणि माझ्या हातात कोंबला. "वाडीचो आसा. खा." मी तो तिथेच बाकावर बसून खाल्ला, बोटं चिकट झाली, आणि पप्पांचं नाव पुकारलं गेलं.

साक्ष फार थोडा वेळ चालली. खोलीत कोणी राहतं का? नाही. कधीपासून? दिवाळीपासून. रात्री कोणी झोपायला असतं? नाही. दिवा कोण लावतं? शेजारी. दोरीवरचे कपडे कोण टाकतं? शेजारी. पप्पा ताठ उभे होते, आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ. काकूच्या वकिलाची पाळी आली तेव्हा त्याने काकूकडे वाकून काहीतरी विचारलं. मी अगदी मागे बसले होते, तरी तिचं उत्तर मला ऐकू आलं. तिला हळू बोलता येतच नसे. "मास्तरांका काय म्हायत नाय," ती म्हणाली. वकिलाने एवढंच विचारलं की खोलीत सामान आहे का. पप्पा म्हणाले, आहे. वकील बसला. मग काकूने स्वतः कोर्टाला सांगितलं की नवरा अंथरुणाला खिळलाय, पण मालकाचा वकील म्हणाला की हे सगळं रचलेलं आहे, ज्या चाळीने ओल्या साड्यांचं नाटक केलं तिथे याला पुरावा काय. पप्पा तोवर खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी माझा चिकट हात आपल्या रुमालाने पुसला.

परतीला आम्ही तिघं एकाच बसमध्ये होतो. दुसरं करणार काय, तिघांना एकाच जिन्याने वर जायचं होतं. काकूने खिडकीची जागा मला दिली.

घरी आल्यावर पप्पांनी चहा घेता घेता आईला सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं सांगितली, जशीच्या तशी. आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "आणि परबांच्या आजारपणाचं?"

"ते विचारलं नाही."

"इथे आणणार होती त्यांना, ते?"

"अगं, विचारलं तेवढंच सांगायचं असतं. साक्षीदाराने पदरचं घालायचं नसतं."

आईने विळी आडवी केली. "पदरचं नव्हतं ते. तिच्या पदरचं होतं. तुम्हाला ठाऊक होतं." ती आवाज चढवून बोलली नाही, कारण पलीकडे काकू होती. पप्पांनी कप बशीवर ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा त्यांची लाज वाटली. ती कशी असते ते सांगते. माणूस समोर तोच असतो, तोच सदरा, तेच चहा फुंकणं, आणि आपल्याला त्याच्याकडे बघवत नाही. पुढच्या रविवारी आईबापांचा मान राखायची आज्ञा होती. पप्पांनी विचारलं, "कुठे भेटली?" मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही.

आता माझं वय असं आहे की पप्पांची बाजूही मला दिसते. खोट्याच्या त्या गर्दीत त्यांनी एकट्याने खरं सांगितलं होतं आणि त्या खऱ्याच्या तोऱ्यात ते राहिले. आज्ञा खोट्या साक्षीची आहे हे त्यांनी पक्कं धरलं. ती शेजाऱ्याची आहे हे सुटलं. मी मात्र उलट्या टोकाला गेले. परवा आमच्या टॉवरमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलिस आला. इथे राहतो का, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला मुलाच्या आजीच्या गुडघ्यांपासून सुरुवात करून मुलाच्या बारावीच्या मार्कांपर्यंत सगळं सांगितलं. बिचारा चहा संपवून उठला तरी मी लिफ्टपर्यंत बोलत गेले. माझी मुलगी म्हणते, आई, तू विचारलेल्यापेक्षा जास्त का सांगतेस? तिला अजून कारण सांगितलेलं नाही.

निकाल लागेपर्यंत काकू चाळीत राहिली. काकाला गावी भावजयीच्या हवाली केलं होतं. चाळीने आमच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नळावर आई गेली की गप्पा थांबायच्या, नळ मोकळा व्हायचा. मोकळा नळ इतका बोचतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि या सगळ्यात आमची बाजू घेणारी एकटी कोण, तर काकू. एकदा गॅलरीत लाडवहिनी पप्पांच्या नावाने बोटं मोडत होत्या तेव्हा ती म्हणाली, "त्यांका दोष देव नुको. ज्याका म्हायतच नाय तो काय सांगतलो? मास्तर दिसभर शाळेत, सांजेक देवळात. बायकांचा बोलना त्यांच्या कानार पडता कधी?" हे बंद दाराआड आम्ही तिघांनी ऐकलं. आईने मान खाली घातली. पप्पा वह्या तपासत होते, त्यांचं लाल पेन एका जागी थांबलं. आमच्यापैकी कोणीही उठून दार उघडलं नाही.

त्या रविवारीही बांगडे आले. काकूने नेहमीसारखंच विचारलं, फुकटचा चलता काय. पप्पांनी चष्मा काढला नाही, विचारही केला नाही. ते नुसते ताटाकडे बघत राहिले आणि मग हात धुवायला उठले. मला ते मासे गिळवेनात, पण टाकवेनातही. मी आणि आईने ते खाल्ले. ती जितकी गोड वागायची तितकं आम्हाला अंग चोरून बसावंसं वाटायचं. एकदा तिने सांगून टाकलं असतं की तुम्ही माझा घात केलात, तर आई रडली असती आणि मोकळी झाली असती. पण काकूचा आमच्यावर राग नव्हता, आणि तो का नव्हता हे आम्हाला माहीत होतं.

निकाल मालकाच्या बाजूने लागला. पुढच्या कोर्टात जायची काकूची ताकद नव्हती. सामान टेम्पोत चढलं, पाटा-वरवंटा लाडवहिनींना दिला, देव एका डब्यात तांदळावर ठेवून तो डबा तिने स्वतःच्या पिशवीत घातला. खोली रिकामी झाल्यावर इतकी लहान दिसली की इथे पंगती उठायच्या हे खरं वाटेना. मेहता किल्ली घ्यायला आला होता. मजल्यावरची सगळी माणसं गॅलरीत उभी होती, आम्ही आमच्या उंबऱ्यात. काकूने कुलूप लावलं, किल्ली मेहताच्या तळहातावर ठेवली आणि पदर खोचला.

तेव्हा पप्पा पुढे झाले. "मेहताजी, मला काही सांगायचंय." कोणी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांचा वर्गातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. परबांना दिवाळीत झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या बाई मजेने गावी राहिल्या नाहीत, त्यांना भरवत होत्या, कुशीवर वळवत होत्या. बसता येऊ लागलं की त्यांना इथे आणायचं, परळच्या दवाखान्यात न्यायचं, असं सांगून गेल्या होत्या. त्याच भरवशावर खोली होती. त्यांनी घर सोडलेलं नव्हतं, एक दिवससुद्धा सोडलेलं नव्हतं. हे मी कोर्टात बोलायला हवं होतं.

मेहताने सगळं ऐकून घेतलं. किल्ली खिशात टाकून तो म्हणाला, "मास्तर, हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्या गेल्या त्याच संध्याकाळी."

आजही मला ठरवता येत नाही की ते कोणासाठी बोलले. काकू त्यांना निर्दोष समजून गेली असती, तर ते आणखी एक खोटं झालं असतं, आणि ते त्यांना सोसवत नव्हतं, हे मी समजू शकते. पण त्यांनी गप्प राहावं म्हणून मी त्या क्षणी आईचा पदर मुठीत घट्ट धरला होता.

काकूने उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली. ती पप्पांकडे बघत राहिली, मग आईकडे, मग माझ्याकडे. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला.

"म्हणजे तुमका सगळा म्हायत होता," ती म्हणाली.

पप्पा म्हणाले, "हो."

वाकून तिने पिशवी उचलली, आतला देवांचा डबा नीट बसलाय का ते हाताने चाचपलं आणि जिन्याकडे निघाली. आमच्या दारावरून जाताना ती नेहमी माझ्या डोक्यावर हात ठेवायची. मी मान खाली घालून उभी राहिले. वर पाहिलं तेव्हा ती खालच्या मजल्यावर पोचली होती.